आधी अर्थिंग मोजा, मग डीबी बदला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुनी फ्यूजपेटी काढून नवी डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘डीबी’, बसवण्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे २३० व्होल्टच्या सिंगल फेज घरगुती जोडणीला धरून दिली आहेत. डीबीच्या आत हात घालायचे काम परवानाधारक वायरमनचेच आहे. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरींमध्ये करंट असतोच, आणि मीटरपाशी लावलेले सील तोडायचा अधिकार घरमालकाला नसतो. वायरमनकडून काय करून घ्यायचे आणि काम झाल्यावर त्याच्याकडे कोणते आकडे मागायचे, हे कळावे म्हणून ही माहिती.

प्रश्न : आमच्याकडे लाकडी बोर्डावर किटकॅट फ्यूज आहेत. सगळीकडे एमसीबी लावल्या की शॉकची भीती संपते, असे वायरमन सांगतो. हे खरे आहे का?

नाही, आणि या गैरसमजापायी माणसे जिवाला मुकतात. फ्यूज काय किंवा एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडून, म्हणजे ट्रिप होऊन, लाइन बंद करणारा छोटा स्विच) काय, दोन्ही वायर जळण्यापासून वाचवतात. एमसीबीत दोन यंत्रणा असतात. लोड थोडा जास्त झाला की आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि सावकाश ट्रिप करते. शॉर्ट सर्किट झाले की चुंबकीय कॉइल क्षणात ट्रिप करते. १६ अँपिअरची एमसीबी १८ अँपिअरवर तासभरही पडत नाही, आणि पडूही नये. माणसाच्या शरीरातून मात्र ३० मिलिअँपिअरहून जास्त करंट काही क्षण वाहिला तरी हृदयाची लय बिघडू शकते. एवढासा करंट एमसीबीला कळतच नाही.

आता अर्थिंगचा हिशेब पाहा. गीझरचे एलिमेंट फुटले आणि फेज त्याच्या टाकीला लागला. घराची अर्थिंग स्वतंत्र खड्ड्याची, म्हणजे जमिनीत पुरलेल्या रॉडची किंवा प्लेटची आहे आणि त्या वाटेचा एकूण रोध २० ओहम आहे. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी हा करंट तासन् तास चालू देईल. रोधाचा बहुतेक भाग तुमच्याच खड्ड्यात असल्यामुळे गीझरची टाकी आणि तिला जोडलेला नळ यांच्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज उभे राहील. मीटर फिरत राहील, गीझरवरचा दिवाही लागलेला दिसेल आणि कुणालाही संशय येणार नाही.

त्याच जागी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की पुरवठा तोडणारा स्विच) असती, तर साडेअकरा अँपिअरची गळती म्हणजे तिच्या मर्यादेच्या ३८० पट. टाकीला कुणाचा हात लागण्याआधीच ती पडली असती. म्हणून डीबी बदलताना एमसीबीइतकेच लक्ष आरसीसीबीकडे आणि अर्थिंगकडे द्या. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या : एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला गेला, तर आरसीसीबीच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक बल्बच. तिथे ती मदतीला येत नाही.

प्रश्न : घराची अर्थिंग कोणत्या प्रकारची आहे, हे कसे ओळखायचे?

मीटरपाशी, पुरवठा घरात येतो तिथे पाहून. पुरवठ्याच्या केबलच्या धातूच्या कवचाला किंवा तिच्यातल्या वेगळ्या अर्थ वायरला तुमची अर्थ वायर जोडलेली असेल, तर ती टीएन-एस. पुरवठादारानेच त्याच्या पेटीत न्यूट्रलवरून अर्थ काढून दिला असेल, तर टीएन-सी-एस. पुरवठ्याच्या बाजूने अर्थ येतच नसेल आणि तुमची वायर सरळ जमिनीतल्या रॉडकडे, पाइपकडे किंवा प्लेटकडे जात असेल, तर टीटी.

हा फरक कागदावरचा नाही. टीएन प्रकारात दोषाचा करंट धातूच्या वाटेने परत जातो, त्यामुळे तो शेकडो अँपिअरपर्यंत चढतो आणि एमसीबीही पटकन पडते. टीटीमध्ये तो मातीतून जातो. तिथे एमसीबीवर भिस्त ठेवताच येत नाही, आरसीसीबी लागतेच. पाहून खात्री होत नसेल तर पुरवठादाराला विचारा. अंदाजाने ठरवू नका.

प्रश्न : अर्थिंग नीट लागत नाही म्हणून डीबीतच न्यूट्रल लिंक आणि अर्थ लिंक (त्या त्या वायरी एकत्र जोडायच्या पट्ट्या) यांच्यात एक वायर टाकून दिली आहे. मल्टिमीटर आता शून्य व्होल्ट दाखवतो. चालेल ना?

ती वायर आजच काढून घ्या. काढेपर्यंत धातूच्या बॉडीची कोणतीही यंत्रे वापरू नका. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर घरात चालू असलेल्या कोणत्याही पंख्यातून किंवा दिव्यातून फेज न्यूट्रल लिंकवर येतो आणि तुमच्या या वायरीतून फ्रिज, वॉशिंग मशिन, गीझर सगळ्यांच्या बॉडीवर पसरतो. एमसीबी पडत नाही, कारण करंट थोडाच असतो. वायर आरसीसीबीच्या आधी जोडलेली असेल तर तीही पडत नाही. नंतर जोडलेली असेल तर ती सतत पडत राहते, आणि मग कुणीतरी तीच काढून टाकतो.

न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ पुरवठादाराच्या बाजूला, एकाच ठिकाणी असते. तिथून पुढे घरात त्या दोघांची पुन्हा कुठेही भेट होता कामा नये.

प्रश्न : फेज आणि अर्थ यांमध्ये मल्टिमीटर बरोबर २३० दाखवतो. म्हणजे अर्थिंग उत्तम आहे असे समजू का?

मल्टिमीटरने एवढेच कळते की वायर कुठेतरी जोडलेली आहे. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. तुमच्या अर्थिंगचा रोध १०,००० ओहम, म्हणजे निव्वळ कुचकामी असला, तरी मीटर २२९.८ व्होल्ट दाखवील. हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही.

दुसरी सवय म्हणजे फेज आणि अर्थ यांमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून पाहणे. ही जास्त धोक्याची. अर्थची वायर मध्ये कुठे तुटलेली असेल, तर बल्बमधून आलेला फेज त्या तुटक्या वायरीवर जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर जातो. स्वयंपाकघरात कुणी फ्रिजला हात लावून उभे असेल, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत बल्ब का लागत नाही हे पाहत असाल.

योग्य चाचण्या तीन. पहिली, अर्थ वायरची सलगता. मेन बंद करून, पुरवठा खरोखर गेल्याची खात्री करून, अर्थ लिंकपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनपर्यंत लांब वायरने रोध मोजायचा आणि त्यातून त्या लांब वायरचा रोध वजा करायचा. तांब्याच्या १.५ चौरस मिमी वायरचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम, २.५ चौरस मिमीचा सुमारे साडेसात. म्हणजे २० मीटरवरच्या सॉकेटला १.५ची अर्थ वायर असेल तर पाव ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. दोन ओहम आला तर मध्ये कुठेतरी सैल जोड आहे.

दुसरी, लूप टेस्टरने सॉकेटपाशी फेज-अर्थ वाटेचा पूर्ण रोध मोजणे. टीएन प्रकारात सी वर्गाची १६ अँपिअरची एमसीबी क्षणात पडायला १६० अँपिअर लागू शकतात, म्हणजे रोध १.४४ ओहमच्या आत हवा. बी वर्गाला ८० अँपिअर पुरतात, म्हणून तिथे २.८७ ओहम चालतात. प्रत्यक्ष मोजलेला आकडा या मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा, कारण लोडवर वायर तापते आणि तिचा रोध वाढतो. समजा लूप २ ओहम आला. दोषाचा करंट ११५ अँपिअर. सी १६ त्यावर लगेच पडेलच असे नाही. बी १६ पडेल. एकाच आकाराच्या या दोन एमसीबी. पण अर्थिंग न मोजता त्यांतली कोणती घ्यायची हे ठरवता येत नाही. साधा लूप टेस्टर आरसीसीबी पाडतो, म्हणून ती न पाडणारी सोय असलेला टेस्टर वापरावा लागतो.

तिसरी चाचणी टीटीच्या खड्ड्याची, तीन टोकांच्या अर्थ टेस्टरने. खड्ड्यापासून ३० मीटरवर एक खुंटी आणि त्याच रेषेत सुमारे साडेअठरा मीटरवर, म्हणजे ६२ टक्के अंतरावर, मधली खुंटी. मधली खुंटी तीन मीटर पुढे आणि तीन मीटर मागे ठोकून पुन्हा मोजायचे. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच ते खरे. नाहीतर लांबची खुंटी आणखी दूर न्यायची. यासाठी घराची अर्थ वायर खड्ड्यापासून सोडवावी लागते, म्हणून आधी मेन स्विच बंद, मग वायर सोडायची, आणि वायर पुन्हा घट्ट बसवल्यावरच मेन चालू. हा क्रम मोडला तर तेवढा वेळ पूर्ण घर बिनअर्थिंगचे राहते.

प्रश्न : टीटी अर्थिंगचा आकडा किती असावा? आमचा ४० ओहम आला. मीठ-पाणी टाकू, की जाड रॉड घेऊ?

गणिताने पाहिले तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला १६६७ ओहमसुद्धा चालतात, कारण त्यावर बॉडीचे व्होल्टेज ५० च्या आत राहते. पण इतका मोठा आकडा स्थिर राहत नाही. माती सुकली की तो दुप्पट-तिप्पट होतो. २०० ओहमच्या वरच्या खड्ड्यावर विसंबू नका. ४० ओहम आणि चालू स्थितीतली आरसीसीबी ही जोडी चांगली आहे. नुसत्या एमसीबीबरोबर मात्र ४० काय आणि ४ काय, दोन्ही अपुरेच.

आकडा आणखी खाली आणायचा असेल तर खोली वाढवा, जाडी नको. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर १६ मिमी व्यासाचा २.४ मीटरचा रॉड सुमारे ४० ओहम देतो. व्यास दुप्पट केला तर ३६ होतात. लांबी दुप्पट, म्हणजे ४.८ मीटर केली तर साडेबावीस. खाली ओल टिकत असेल तर फायदा याहूनही जास्त. खाली खडक लागला तर दुसरा रॉड ठोका, पण पहिल्यापासून किमान रॉडच्या लांबीएवढ्या अंतरावर. हातभर अंतरावर ठोकलेले दोन रॉड मातीचा तोच भाग वापरतात. खर्च दुप्पट आणि फायदा किरकोळ.

मिठाने आकडा लगेच उतरतो, हे खरे आहे. पण पावसाच्या पाण्याबरोबर ते वाहून जाते आणि जाता जाता पाइप आणि क्लॅम्प गंजवून जाते. बेंटोनाइट माती ओल धरून ठेवते आणि धातूला खात नाही, म्हणून ती बरी. रॉडवरचा क्लॅम्प तपासणीच्या चेंबरमध्ये, डोळ्यांना दिसेल असा ठेवा. मातीत गाडलेला क्लॅम्प कधी सुटला हे कुणालाच कळत नाही.

पाण्याच्या नळाला अर्थ वायर गुंडाळून ती अर्थिंग म्हणून वापरणे मात्र बंद करा. जमिनीतल्या लोखंडी पाइपचा एक तुकडा प्लास्टिकचा बसवला की ती अर्थिंग संपली. उलट, घरात येणारे पाण्याचे आणि गॅसचे धातूचे पाइप मुख्य अर्थ टर्मिनलला जोडून घ्यायचे असतात. त्या वायरचा उद्देश पाइप आणि यंत्रे यांच्यात व्होल्टेजचा फरक पडू न देणे हा आहे. तिथे तांब्याची किमान ६ चौरस मिमी वायर लागते. टीएन-सी-एस असेल तर बहुधा १० किंवा जास्त.

प्रश्न : नव्या डीबीत नेमके काय काय घ्यावे? पूर्ण घराला एक आरसीसीबी पुरेल का?

चालते, पण गैरसोयीचे असते. बाथरूममधल्या गीझरची गळती झाली की रात्री जिन्यातला दिवासुद्धा जातो. शिवाय घरातल्या प्रत्येक संगणकाच्या आणि टीव्हीच्या पॉवर सप्लायमधून थोडी गळती कायम होत असते. एका संगणकाची १ ते दीड मिलिअँपिअर धरा. एका आरसीसीबीवरची नेहमीची गळती ९ मिलिअँपिअरच्या आत, म्हणजे तिच्या मर्यादेच्या ३० टक्क्यांत असावी. जास्त झाली की आरसीसीबी विनाकारण पडू लागते.

परवडत असेल तर प्रत्येक लाइनला स्वतंत्र आरसीबीओ घ्या. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही असतात, आणि दोष असलेली लाइन तेवढी बंद पडते. नाहीतर किमान दोन आरसीसीबी घ्या आणि एकाच खोलीचे दिवे व सॉकेट वेगवेगळ्या आरसीसीबींवर टाका. प्रकार ‘ए’ घ्या. जुना ‘एसी’ प्रकार साध्या एसी गळतीसाठी आहे. इन्व्हर्टर मोटरचे वॉशिंग मशिन किंवा इंडक्शन शेगडी यांच्या गळतीत डीसीचा अंश असतो आणि त्याने ‘एसी’ प्रकार बधिर होऊ शकतो. विजेच्या गाडीचा चार्जर बसवणार असाल तर त्याची लाइन वेगळी ठेवा आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आहे का ते पाहा. नसेल तर ‘बी’ प्रकार लागतो.

बाकी : दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन स्विच, प्रत्येक आरसीसीबीसाठी वेगळी न्यूट्रल लिंक, प्रत्येक लाइनच्या अर्थ वायरला स्वतंत्र स्क्रू मिळेल एवढी लांब अर्थ लिंक, आणि पुढच्या कामासाठी एकपंचमांश जागा मोकळी. मोकळ्या जागांवर ब्लँक प्लेट लावल्याच पाहिजेत. एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला असतो. ती शॉर्ट सर्किट तोडण्याची तिची क्षमता असते. ट्रान्सफॉर्मर अगदी जवळ असेल तर १०००० घ्या. एमसीबी आणि बसबार (सगळ्या एमसीबींना फेज पोहोचवणारी दातेरी धातूची पट्टी) एकाच कंपनीचे असावेत. दुसऱ्या कंपनीची एमसीबी बसल्यासारखी दिसते, पण तिचे टर्मिनल बसबारच्या दातांशी नीट जुळत नाही.

प्रश्न : १६ अँपिअरची एमसीबी सारखी पडते. ३२ची टाकू का?

भिंतीतली वायर २.५ चौरस मिमीची असेल तर मुळीच नाही. एमसीबी वायर पाहून ठरते, लोड पाहून नव्हे. १.५ला ६ किंवा १०, २.५ला १६, ४ला २५, ६ला ३२ हा साधारण अंदाज. खूप वायरी एकाच पाइपमधून गेल्या असतील तर त्याहून कमी. लोड वाढला असेल तर नवी लाइन ओढा.

प्रश्न : नवी डीबी लावल्यापासून आरसीसीबी पडते. ती खराब आहे म्हणून दोनदा बदलली. जुन्या पेटीत तर काहीच त्रास नव्हता.

त्रास तेव्हाही होता, फक्त तो दाखवणारे कुणी नव्हते. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांची तुलना करते. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५पर्यंतच्या फरकावर पडायचे नसते आणि ३० वर ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायलाच हवे. टेस्टरने हे दोन आकडे मिनिटभरात तपासता येतात. त्यात ती पास झाली तर दोष वायरिंगमध्ये शोधा.

सगळ्यात जास्त वेळा चूक सापडते ती नव्या डीबीतच : एका आरसीसीबीच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीच्या लिंकवर बसलेला असतो. त्या लाइनवरचा पहिला दिवा लावताच ट्रिप होते. दुसरे कारण, उसना न्यूट्रल. जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या लाइनचा आणि न्यूट्रल वरच्या लाइनचा, असे जुन्या घरांत सर्रास आढळते. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल बाकीच्यांत मिसळलेला असला तरी हेच होते.

तिसरे कारण सर्वांत चकवणारे. कुठल्यातरी बॉक्समध्ये स्क्रूखाली न्यूट्रलचे इन्सुलेशन चेपले आहे आणि तो अर्थला टेकला आहे. त्या लाइनची एमसीबी बंद केली तरी आरसीसीबी पडते, कारण एक पोलची एमसीबी फक्त फेज तोडते. दुसऱ्या लाइनवर इस्त्री लावली की परतणारा काही करंट त्या टेकलेल्या जागेतून अर्थमध्ये निसटतो. मग सगळे इस्त्रीला दोष देतात. हे शोधायला मेन बंद करून, सगळे न्यूट्रल लिंकवरून सोडवून, एकेका न्यूट्रलचा अर्थशी रोध मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजायचा. ५०० व्होल्ट डीसीवर १ मेगाओहमच्या खाली आलेली लाइन दोषी. त्याआधी सगळे प्लग काढा, आणि डीबीत सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून यंत्रे वाचवणारे साधन) असेल तर तोही सोडवा, नाहीतर त्याच्यामुळे आकडा खोटा येतो.

दोष सापडत नसेल आणि गळतीचा संशय असेल, तर मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर एका लाइनच्या फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावा. जो आकडा दिसेल ती त्या लाइनची गळती.

प्रश्न : सर्ज प्रोटेक्टर लावला, पण त्याची वायर डीबीतून वळसे घेत अर्थ लिंकपर्यंत गेली आहे. बिघडते का?

बिघडते. फेजपासून प्रोटेक्टर आणि तिथून अर्थपर्यंतची एकूण वायर अर्ध्या मीटरच्या आत, सरळ आणि बिनगुंडाळीची हवी. सर्जमध्ये करंट इतक्या झपाट्याने वाढतो की जास्तीच्या प्रत्येक हातभर वायरीवर शेकडो व्होल्ट उभे राहतात आणि ते यंत्रांपर्यंत पोहोचतात. प्रोटेक्टरवरच्या छोट्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की त्याची कार्ट्रिज बदला.

प्रश्न : काम संपले असे वायरमन म्हणाला. ताबा घेण्याआधी काय पाहावे?

झाकण लावण्याआधी, मेन बंद असताना त्याच्यासमोर प्रत्येक वायर ओढून पाहायला सांगा. बसबारचा दात एमसीबीच्या टर्मिनलच्या पिंजऱ्यात जायला हवा. तो मागे राहिला तरी स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी तिथेच प्लास्टिक वितळते. बारीक तारांच्या वायरींना फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावलेले असावे. स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कने, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळलेले असावेत. हाताच्या अंदाजाने काही सैल राहतात, तर काहींखालची वायर चेपून तुटायला येते. पहिले काही दिवस गीझर, इस्त्री असे मोठे लोड चालवल्यावर झाकणाला हात लावून पाहा. एखाद्या जागी उबेपेक्षा जास्त गरम लागले तर वायरमनला पुन्हा बोलवा.

लेखी आकडे मागून घ्या : प्रत्येक लाइनच्या अर्थ वायरची सलगता, इन्सुलेशनचे मेगाओहम, सर्वांत लांबच्या सॉकेटवरचा लूप, आरसीसीबीचा ३० मिलिअँपिअरवरचा आणि १५० मिलिअँपिअरवरचा वेळ (दुसरा ४० मिलिसेकंदांच्या आत हवा), आणि टीटी असेल तर खड्ड्याचे ओहम. हा कागद डीबीच्या दारामागे चिकटवून ठेवा.

आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण सहा महिन्यांतून किमान एकदा दाबा. मात्र ते बटण आरसीसीबीच्या आतल्याच एका रोधातून गळती घडवून तिची यंत्रणा हलते का, एवढेच पाहते. अर्थ वायर पूर्ण तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर ती पडेलच. अर्थिंगचा आकडा टेस्टरनेच घ्यावा लागतो, आणि तो जमीन सर्वांत कोरडी असते त्या दिवसांत घ्या. पावसाळ्यात २५ ओहम दाखवणारा खड्डा उन्हाळ्यात किती देतो, हेच त्या कागदावर लिहून ठेवायचे आहे.